एक्स दोन

ऐरोलीच्या शाळेत, दहावी ब मध्ये,
खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर
प्रचिती मढवीच्या एका कानात इयरफोन,
दुसरा कान माझ्यासाठी मोकळा.

लॅपटॉप एका संस्थेनं दिलाय.
त्यातली बाई पुस्तक वाचते,
इतिहास तर असा, की ऐकत राहावं.
गणित आलं की मात्र
वाण्याची यादी वाचावी तसं:
तीन, एक्स, दोन, अधिक, पाच.
एक्सच्या डोक्यावरचा तो बारका दोन
तिनं खाली उतरवून
शेजारी बसवला
आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पहिल्या उदाहरणात एक्स दोन होता.
दोनचा वर्ग चार. दोनची दुप्पटही चार.
उत्तर जुळलं, मी शाबासकी दिली.
पुढं एक्स तीन झाला
आणि प्रचिती नऊच्या जागी सहा सांगत राहिली
पानभर,
कुठंही न अडखळता.

मी लाल फुल्या मारल्या.
अक्षर तिच्या लेखनिकाचं, आठवीतल्या पोराचं,
फुल्या तिच्या.
घरी वडिलांनी मोजून सांगितल्या: अकरा.

दुसऱ्या दिवशी म्हणाली,
"सर, वर्ग म्हणजे दुप्पटच ना?"

मी इयरफोन मागून घेतला.
डोळे मिटून बसलो स्टाफरूममध्ये,
आणि वीस वर्षं शिकवलेल्या पुस्तकातलं
एक समीकरण मला धड लागेना.
एक छेद एक्स अधिक दोन.
छेद संपला कुठं?
हे दोन छेदाच्या आत आहेत
की बाहेर, उन्हात?

त्यानंतर मला माझंच बोलणं ऐकू येऊ लागलं.
हे इकडून उचला, तिकडं न्या,
याचं चिन्ह बदलेल, मग हे याच्याशी जाईल,
दिसतंय ना सगळ्यांना?
तासभर नुसतं हे आणि ते,
नाव कशाचंच नाही.
शिकवत होता खडू.
मी त्याच्या मागून चाललो होतो.

आता म्हणतो: कंस सुरू. एक्स अधिक दोन. कंस पूर्ण.
अख्ख्या कंसाचा वर्ग.
वर्गमूळ इथवर. छेद संपला.
मागच्या बाकावरचा निनाद घरत,
ज्याला फळा अगदी स्वच्छ दिसतो,
परवा म्हणाला, सर, आज कळलं.
बायको स्वयंपाकघरातून हाक मारते,
जेवायला या, कंस पूर्ण.

लॅपटॉपमधली बाईही शिकून आलीय म्हणे.
एक्सचा वर्ग म्हणते हल्ली,
बहुतेक वेळा.
आलेख तर चक्क वाजवून दाखवते:
सूर घसरत खाली येतो, तळाशी जरा रेंगाळतो,
आणि आल्या वाटेसारखाच वर जातो.
सगळ्या वर्गाला ऐकवला.
पोरं हसली, मग गप्प झाली,
मग म्हणाली, पुन्हा लावा.

तरी हाताला काही हवं, म्हणून
रविवारी मी पुठ्ठ्यावर लोकर चिकटवली. अन्वस्त.
दरवर्षी इथं मी खिडकीबाहेर बोट दाखवतो,
हाय टेन्शनच्या तारांचा तो झोळ.
खरं तर तो अन्वस्त नाहीच,
नुसता तसा दिसतो.
यंदा ते उदाहरण गाळलं.

तिचं बोट डावीकडून उतरत आलं.
तळाशी थांबलं.
मागं गेलं, परत तिथंच आलं.
मी श्वास धरून, की आता ही म्हणेल,
इथं चढही नाही, उतारही नाही,
आणि मी फळ्यावर मोठ्यानं लिहीन तो बिंदू.

"सर," ती म्हणाली,
"इथं फेव्हिकॉल जास्त झालाय."

झाला होता खरा.
नखानं तिनं तो थोडा खरवडला,
पुठ्ठा सरळ केला,
आणि बोट पुढं चढू लागलं.